तळघरातली लायोनेल : जुनी खेळण्यातली रेल्वे पुन्हा धावती करताना

न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाने जुन्या लायोनेल गाड्यांचे प्रवासी डबे हातात घेतले, की त्याला पहिली गंमत वाटते ती नावांची. मेपलवुड, चॅटम, हिलसाइड, प्लेनफिल्ड, वेस्टफिल्ड, लिव्हिंग्स्टन, नेवार्क, एलिझाबेथ, समिट. ज्या गावांच्या पाट्या बघत आपण रोज ऑफिसला जातो, तीच नावं वीतभर लांबीच्या डब्यांवर छापलेली असतात. लायोनेलचा कारखाना याच भागात, अर्व्हिंग्टन आणि हिलसाइडच्या हद्दीवर होता. त्यामुळे इथल्या गराज सेलमध्ये, कुणा आजोबांचं घर रिकामं होताना, तळघरातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून या गाड्या अजूनही निघतात. इथल्या कित्येक मराठी घरांत अशी एखादी पेटी येऊन पडलेली आहे आणि तिचं पुढे काय करायचं हे कुणाला ठाऊक नाही. हा लेख त्या पेटीसाठी आहे.

जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. मॅनहॅटनमधल्या एका दुकानाच्या शोकेससाठी त्यांनी विजेवर फिरणारी एक लाकडी, उघडी वाघीण बनवली. गिऱ्हाइकं शोकेसमधला माल सोडून गाडीच मागू लागली, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. १९०६ पासून त्यांनी मधल्या तिसऱ्या रुळातून वीज द्यायला सुरुवात केली. आपण इथे बोलणार आहोत ते १९४५ ते १९६९ या काळातल्या गाड्यांबद्दल. संग्राहक यांना ‘पोस्टवॉर’ म्हणतात. या गाड्या दणकट आहेत, घरच्या घरी उघडता येतात, आणि ब्रशपासून चाकांपर्यंत त्यांचे सुटे भाग आजही नवे मिळतात.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. ही गाडी कपाटात ठेवायची नाही, चालवायची. मात्र मूळ इंजिनाला आणि डब्यांना परत फिरवता येणार नाही असा बदल करायचा नाही. आपली सगळी कारागिरी रुळांवर, टेबलावर, देखाव्यावर आणि मोडीत निघालेल्या डब्यांवर करायची. तिथे इतकं काही करता येतं की मूळ गाडीला हात लावावासा वाटतच नाही.

काय घ्यावं, काय टाळावं

पेटी घरात नसेल तर ट्रेन शोला जा. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचा मेळा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरतो, पण त्याची वाट बघायची गरज नाही. हिवाळ्यात चर्चच्या आणि फायर हाऊसच्या हॉलमध्ये छोटे शो सतत चालू असतात. नवशिक्याने २०२६, २०३७ किंवा २०२५ अशा मॉडेल क्रमांकाचं वाफेचं इंजिन बघावं. ही इंजिनं भरपूर बनली, त्यामुळे परवडतात आणि दुरुस्तीला सोपी पडतात. १९४८ मध्ये आलेलं लाल-चंदेरी सांता फे डिझेल सगळ्यांना हवं असतं, त्यामुळे त्याची किंमत चढी असते. पहिलं इंजिन म्हणून मी ते सुचवणार नाही. ‘स्काउट’ नावाचे स्वस्त सेटही १९४८ पासून निघाले. सुरुवातीच्या स्काउटच्या मोटरचं घर प्लॅस्टिकचं आहे, ती उघडून दुरुस्त करणं जिकिरीचं काम आहे, शिवाय डब्यांचं कपलिंग इतर गाड्यांशी जुळत नाही. स्काउट भेट मिळाला तर ठेवा, मुद्दाम विकत घेऊ नका.

इंजिन हातात घेतलं की उलटं करा. चाकांच्या मधोमध दोन छोटे रोलर दिसतील. मधल्या रुळावरून वीज घेण्याचं काम त्यांचं. ते बोटाने सहज फिरले पाहिजेत आणि दाबले की स्प्रिंगने परत वर आले पाहिजेत. चाकं फिरवताना खरखर लागली तर घाबरू नका, जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं. धातूच्या बॉडीला भेग असेल किंवा ती फुगल्यासारखी वाटत असेल, तर मात्र खाली ठेवा. टेंडर म्हणजे मागची कोळशाची गाडी, ती त्याच इंजिनाची आहे का तेही विचारा. शिट्टी बहुतेक वेळा टेंडरमध्ये असते.

आधी ट्रान्सफॉर्मर, मग बाकी सगळं

पेटीत सापडलेला ट्रान्सफॉर्मर तसाच भिंतीत खुपसायचा नाही. त्याची दोरी साठ-सत्तर वर्षांची आहे आणि तिच्यावरचं रबर वाकवलं की तुटतं. दोरी बोटभर वाकवून बघा. एक जरी तडा दिसला तरी ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वतःला जमत नसेल तर ट्रेन दुरुस्त करणाऱ्याकडून बदलून घ्या. या छंदात खरा धोका फक्त इथे आहे. रुळांवरची वीज साधारण ५ ते १८ व्होल्टची, एसी, बोटाला जाणवणारही नाही अशी. भिंतीतली मात्र १२० व्होल्टची असते.

एका गाडीला १०३३ हा ९० वॉटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९४८ मध्ये आलेला झेडडब्ल्यू, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या हँडलांसकट, सगळ्यांच्या स्वप्नातला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीवर २७५ वॉट लिहिलेलं असतं. हा आकडा भिंतीतून ओढल्या जाणाऱ्या विजेचा आहे, रुळांना त्याहून कमीच मिळते. आतला जुना ब्रेकर फार सावकाश उडतो. गाडी घसरून शॉर्ट झाली तर तो उडेपर्यंत तारा तापून लाल होतात. म्हणून रुळाकडे जाणाऱ्या तारेत मोटारीत वापरतात तसा ५ अँपिअरचा फ्यूज टाका. यावर होणारा खर्च नगण्य आहे.

दोन ट्रान्सफॉर्मर एकाच टेबलावर वापरायचे असतील तर त्यांची फेज जुळवावी लागते, म्हणजे दोन्हींची एसी वीज एकाच तालात वर-खाली व्हायला हवी. दोन्हींची सामाईक टर्मिनलं, म्हणजे बाहेरच्या रुळाकडे जाणारी, एकमेकांना जोडा. कोणतं टर्मिनल सामाईक आहे ते त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा, सगळ्यांत ते एकच नसतं. मग दोन्हीकडे आठेक व्होल्ट ठेवा आणि उरलेल्या दोन टर्मिनलांमध्ये १८ व्होल्टचा एक बल्ब धरा. बल्ब पेटला नाही तर फेज जुळली. लख्ख पेटला तर एका ट्रान्सफॉर्मरचा प्लग उलटा करून घाला, आणि कोणती बाजू वर ते प्लगवर रंगाने खूण करून ठेवा. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. असे दोन ट्रान्सफॉर्मर रुळांवाटे जोडलेले असताना एकाचाच प्लग उपटला, तर त्या मोकळ्या प्लगच्या पात्यांवर १२० व्होल्टच्या आसपास वीज उलटी येऊ शकते. दोन्ही नेहमी एकाच पॉवर स्ट्रिपवर लावा आणि स्ट्रिपच्या बटणानेच चालू-बंद करा. घरात मुलं असतील तर हा नियम कधीही मोडू नका.

इंजिन जागं करणं

या पायरीवर घाई नको. जुनी गाडी पहिल्यांदा उघडायची ती दुपार निवांत काढा. खाली जुना पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे निसटलेला स्क्रू दिसतो. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

बॉडी निघाली की मोटर दिसेल. एका बाजूला ब्रश धरून ठेवणारी पट्टी असते. ती सोडवली की दोन छोट्या कांड्यांसारखे ब्रश आणि त्यांच्या मागच्या स्प्रिंगा हातात येतात. त्यांच्याखाली तांब्याची गोल चकती असते, तिचे तीन भाग पाडलेले. हा कम्युटेटर. अनेक वर्षं पडून राहिलेल्या इंजिनात तो काळा कुळकुळीत झालेला असतो. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसत राहा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. मग तीन भागांमधल्या फटींमधून लाकडी टूथपिक फिरवा, तिथली काजळी निघाली पाहिजे. त्या फटीत बसलेल्या काजळीतून वीज गळते आणि मोटर गुरगुरते पण ओढत नाही. ब्रश झिजून अगदी आखूड झाले असतील तर नवे घाला.

मग गिअर. वाळलेलं ग्रीस काडीने खरवडून काढा, नवं लावा, पण बेताने. चाकांच्या आसांना आणि मोटरच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना हलक्या तेलाचा एकेक थेंब पुरे, तोही सुईच्या टोकाने. कम्युटेटरवर तेल पडता कामा नये. जास्त तेल घातलेलं इंजिन दोन फेऱ्यांत रुळ बरबटवतं आणि मग चाकं जागच्या जागी फिरत बसतात.

आता इ-युनिट. लायोनेलच्या इंजिनात पुढे-मागे जाण्यासाठी वेगळा स्विच नसतो. रुळातली वीज एकदा तोडून पुन्हा दिली की आतलं एक छोटं पिंप एक घर पुढे सरकतं: पुढे, थांबा, मागे, थांबा, परत पुढे. जुन्या इंजिनातून येणारी ती ओळखीची गुणगुण याचीच. इंजिन गुणगुणतंय पण हलत नाही, तर ते ‘थांबा’वर असण्याची शक्यता जास्त आहे. वीज तोडून परत द्या. तरीही नाही हललं तर त्या पिंपावर टेकलेल्या तांब्याच्या पट्ट्या साफ करा. इंजिनाच्या वरच्या बाजूला किंवा खाली एक बारीक खटका असतो, त्याने इ-युनिट एकाच दिशेला अडकवून ठेवता येतं. लहान मुलं चालवणार असतील तर तो खटका पुढच्या दिशेवर लावून टाका. पुढे बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारं इंजिन, जोडतानाही तो कामी येईल.

शिट्टीचं तंत्र मला अजूनही थक्क करतं. गाडी चालते एसीवर. ट्रान्सफॉर्मरवरचा खटका दाबला की त्यात थोडी डीसी मिसळली जाते. मोटरला तिचं काही देणंघेणं नसतं, पण टेंडरमधला रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, तेवढीच ओळखतो आणि आतला पंखा हवा फुंकतो. शिट्टी घोगरी येत असेल तर त्या पंख्याच्या मोटरलाही वरचाच उपचार करा.

डबे धुताना कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. अक्षरांवर घासायचं नाही, अल्कोहोल तर नाहीच. ती अक्षरं एकदा गेली की गेली.

टेबल आणि रूळ

अमेरिकेत प्लायवूडचा तक्ता चार बाय आठ फुटांचा मिळतो, म्हणून घरोघरच्या लायोनेलही चार बाय आठच्याच असत. अर्धा इंची तक्ता, खाली एक बाय चारच्या पट्ट्यांची चौकट, आणि उंची घरातल्या सगळ्यात लहान चालकाच्या छातीला येईल एवढी. गाडी डोळ्यांच्या पातळीवरून येताना दिसली की तिची खरी मजा कळते.

प्लायवूड एकटं असेल तर ते ढोलासारखं वाजतं. त्यावर होमासोटचा थर टाका. कागदाच्या लगद्यापासून बनणारा हा राखाडी तक्ता न्यू जर्सीतल्याच वेस्ट ट्रेंटनचा. आवाज शोषतो, खिळा-स्क्रू अलगद धरतो. रुळाचे स्क्रू घट्ट आवळू नका, रूळ जागेवर राहील एवढेच ठेवा. आवळले की आवाज थेट लाकडात उतरतो आणि होमासोटचा उपयोग राहत नाही.

रुळांचे दोन प्रकार पेटीत एकत्र सापडतील. दोन्हींची रुंदी एकच, सव्वा इंच, पण ओ गेजचा रूळ उंच आणि जाड, ओ-२७ चा बुटका. वळणाचे आठ तुकडे जोडले की ओ-२७ चं २७ इंच व्यासाचं वर्तुळ होतं, ओ गेजचं ३१ इंचांचं. एका टेबलावर दोन्ही मिसळू नका. घेताना तुकडे हलवून बघा, पिना सैल असतील तर पकडीने रुळाचं तोंड हलकेच दाबून घट्ट करता येतं. गंज असेल तर भांडी घासायची हिरवी घासणी वापरा. तारेची घासणी मात्र रुळाजवळही आणू नका. १९५० पासूनच्या अनेक इंजिनांच्या चाकांत चुंबक आहे, त्याला लायोनेल मॅग्ने-ट्रॅक्शन म्हणे. तारेचे ते बारीक तुकडे थेट चुंबकाला चिकटतात आणि तिथून मोटरमध्ये शिरतात.

आराखडा साधा ठेवा. चार बाय आठवर ओ-२७ चा लंबगोल, प्रत्येक लांब बाजूला सहा किंवा सात सरळ तुकडे, एका बाजूला दोन सांधे (गाडीचा रूळ बदलणारे तुकडे) टाकून बाजूची लाइन, आणि आतल्या बाजूला एक आंधळी, म्हणजे एका टोकाला बंद, लाइन, मालधक्क्यासाठी. टेबलभर रूळ पसरायचा मोह होतो. मग गावासाठी जागाच उरत नाही आणि गाडीला जायला ठिकाण राहत नाही. शंटिंगसाठी एक मालधक्का असला की मुलं तासन्‌तास खेळतात, नुसत्या गोल फिरणाऱ्या दोन गाड्यांकडे पाच मिनिटांत पाठ फिरवतात.

तारा

टेबलाखाली दोन जाड तारा, १४ गेजच्या, पूर्ण लांबीभर फिरवा. एक मधल्या रुळाची, एक बाहेरच्या रुळाची. त्यांच्यापासून दर सहा-सात फुटांवर बारीक तारेने रुळाला वीज द्या. एकाच जागी वीज दिली तर पलीकडच्या वळणावर गाडी मंदावते, कारण प्रत्येक पिनेच्या जोडावर थोडी वीज खर्च होते. रंग ठरवून घ्या, एका कागदावर लिहून तो टेबलाच्या खाली चिकटवा, आणि शेवटपर्यंत त्याच रंगांनी चला. दिव्यांसाठी वेगळी तार, दहा-बारा व्होल्टची. १४-१८ व्होल्टचे बल्ब दहावर पेटवले की जास्त टिकतात आणि खिडक्यांतून पिवळसर, घरगुती उजेड येतो.

गाडी आली की आपोआप घंटी वाजवणारा रूळ

घरी करण्यासारख्या सगळ्या करामतींत मला ही सर्वात प्रिय. खर्च जवळजवळ शून्य, आणि यात तीन रुळांच्या गाडीचं खरं कौशल्य कळतं.

लायोनेलची चाकं आणि आस धातूचे असतात. म्हणजे डबा रुळावर उभा राहिला की डावा रूळ उजव्या रुळाला चाकांतून जोडला जातो. एरवी दोन्ही बाहेरचे रूळ पत्र्याच्या स्लीपरमुळे जोडलेलेच असतात. आपण एका तुकड्यातला एक बाहेरचा रूळ स्लीपरपासून वेगळा केला, तर त्याच्यात वीज येईल ती फक्त गाडी त्यावर असताना. म्हणजे तो रूळच बटण झाला.

एक सरळ तुकडा घ्या, साधा आणि स्वस्तातला. उलटा करा. प्रत्येक स्लीपरला रुळाचा पाय धरून ठेवणारे वळवलेले पत्र्याचे कान दिसतील. मधल्या रुळाखाली काळसर कागद घातलेला असतो, तसंच आपल्याला बाहेरच्या एका रुळाखाली करायचं आहे. बारीक स्क्रूड्रायव्हरने त्या रुळाचे कान सावकाश उघडा. एकदम उचकटले तर तुटतात. रूळ उचला. जाड पुठ्ठ्याच्या पोस्टकार्डाचे किंवा इन्सुलेशनच्या कागदाचे अर्धा इंच रुंद तुकडे कापून स्लीपरवर असे ठेवा की रुळाच्या पायाला दोन्ही बाजूंनी कागद वर वळेल. रूळ परत बसवा आणि कान पकडीने हलकेच दाबा. कागद फाटून पत्रा रुळाला टेकता कामा नये. मग त्या रुळाच्या दोन्ही टोकांची लोखंडी पिन काढून प्लॅस्टिकची घाला. नसेल मिळत तर लाकडी टूथपिक कापून घाला, अगदी उत्तम चालते. मल्टिमीटरने तपासा: दोन बाहेरच्या रुळांमध्ये जोड दाखवला नाही पाहिजे. या रुळाच्या खालच्या बाजूला एक तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडा.

आता फाटक. दिव्यांना वीज आणणारी तार लाल बल्बच्या एका टोकाला, बल्बचं दुसरं टोक या वेगळ्या रुळाला. परतीची वाट बाहेरचा दुसरा रूळ देतो, तो आधीच सामाईक आहे. गाडी आली, बल्ब लागला. शेवटचा डबा गेला, विझला. बल्बला समांतर जुनी दारावरची घंटी लावा. अमेरिकेतल्या जुन्या घरांतल्या दारघंट्या १० ते १६ व्होल्ट एसीवरच चालतात, आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी सोयीच्या. टिणटिण एकदाच वाजणारी नको, सलग खणखणणारी हवी. ती टेबलाखाली स्क्रूने लावली की लाकडातून येणारा आवाज खऱ्या फाटकासारखा वाटतो.

गाडी लांब असेल तर असे दोन-तीन तुकडे सलग जोडा, फक्त पहिल्या आणि शेवटच्या टोकाला प्लॅस्टिकची पिन ठेवा. चाकं उड्या मारल्यामुळे बल्ब लुकलुकत असेल तर १२ व्होल्टचा डीसी रिले घ्या, आधी एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, त्याच्यापुढे वीज क्षणभर साठवणारा २२० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. रिले दोन चाकांमधली ती उघडझाप गिळून टाकतो. याच रुळावर लायोनेलचा तो प्रसिद्ध गेटमनही चालतो, १९३५ पासूनचा, गाडी आली की झोपडीतून कंदील घेऊन बाहेर येणारा.

फाटकाचा दांडा घरीच करा. बांबूची काडी, लाल-पांढरे पट्टे, मागे वजनाला एक नट, आणि टेबलाखालून एका खटक्याला बांधलेला दोरा. हा दोरा ओढायचं काम मुलांना द्या. घंटी वाजली की फाटक पाडायचं, ही जबाबदारी ती मनापासून घेतात.

डोंगर, झाडं, स्टेशन

दिवाळीचा किल्ला केलेल्या माणसाला या पायरीवर काहीही शिकवावं लागत नाही. फक्त माती नको. मातीचे आणि वाळूचे कण गिअरमध्ये जातात. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून दोन-तीन थर, वाळल्यावर पातळ प्लॅस्टरचा हात.

बोगदा करताना आधी माप घ्या. सगळ्यात लांब डब्याच्या मधोमध आणि इंजिनाच्या पुढच्या कोपऱ्याला एकेक पेन्सिल टेपने उभी चिकटवा, खाली कागद पसरा, आणि गाडी वळणावरून हाताने ढकला. आतल्या बाजूला डब्याचं पोट किती आत येतं आणि बाहेर नाक किती पुढे जातं, त्याच्या दोन रेघा कागदावर उमटतात. बोगद्याची भिंत त्या रेघांच्या बाहेर बोटभर. उंची रुळापासून सहा इंच ठेवली की निवांत. डोंगराची मागची बाजू उघडी ठेवा, घसरलेली गाडी काढायला हात जायला हवा.

गवतासाठी लाकडाचा भुसा चाळून पातळ हिरव्या रंगात कालवा, वर्तमानपत्रावर वाळवा, आणि पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदावर भुरभुरवा. तीन वेगवेगळ्या हिरव्या छटा करा. एकाच हिरव्याचं मैदान कार्पेटसारखं दिसतं. झाडांसाठी बागेतल्या सेडमचे वाळलेले तुरे फार सुंदर चालतात. कुंपणाची झुडपं वाळलेल्या घोसाळ्याची, हिरवी रंगवून, हाताने कुस्करून.

घरांचं प्रमाण १:४८. सोपं गणित म्हणजे एक फूट पाव इंच. सहा फुटांचा माणूस दीड इंचाचा. बाकमनची प्लॅस्टिकव्हिलची घरं १९४७ पासून या गाड्यांसोबत शोभतात, एक-दोन जुनी जरूर घ्या. पण एक स्टेशन स्वतःच्या आठवणीतलं करा. सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा, उतरत्या छपराला पन्हळीचा कागद कौलाच्या रंगात, आणि फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत, तीन लिप्या-भाषांत, कर्जत. मग तिथे बँकर लावता येतो. भोर घाट चढताना कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं जोडतात. तुमच्याकडे सारख्या मोटरची दोन इंजिनं असतील तर दोन्हींचे इ-युनिट पुढच्या दिशेला अडकवा, एक मालगाडीच्या पुढे, एक मागे. वेगात फार फरक नसेल तर ती जोडी छान ढकलते. डब्यांची संख्या वाढवून बघा, वळणावर ओढ कुठे तुटते ते कळतं.

मोडका डबा, नवी राणी

ट्रेन शोमध्ये टेबलाखाली एक खोकं असतं. चाकं नसलेले, छप्पर फुटलेले, कुणीतरी आधीच ब्रशने रंगवलेले डबे त्यात पडलेले असतात. रंगरंगोटी फक्त यांच्यावर. मूळ रंग शाबूत असलेला डबा कितीही मळका असला तरी तो रंगवायचा नाही.

माझी निवड डेक्कन क्वीनची. १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा तिच्या दोन गाड्या होत्या, सात-सात डब्यांच्या. एक चंदेरी, किरमिजी पट्ट्यांची. दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. लायोनेलच्या जुन्या धाटणीच्या डब्यांवर तो निळा-सोनेरी रंग अतिशय खुलतो.

प्लॅस्टिकच्या बॉडीवरचा जुना रंग काढायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरलं तर बॉडी विरघळते. ९१ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, मऊ टूथब्रशने काढा, धुवा, पूर्ण वाळू द्या. राखाडी प्रायमरचा पातळ हात. मग निळा, एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ, प्रत्येकाच्या मध्ये पुरेसा वेळ. सोनेरी रेघ ब्रशने सरळ येत नाही, मोटारींवर लावतात ती बारीक पिनस्ट्राइप टेप वापरा. नावासाठी पाण्यावर सुटणारा डेकल कागद घरच्या प्रिंटरवर छापता येतो. नाव देवनागरीत छापा. शेवटी पारदर्शक लॅकर.

खिडक्यांच्या आत ट्रेसिंग पेपरची पट्टी लावून त्यावर प्रवाशांच्या काळ्या सावल्या काढा: टोपीवाले आजोबा, अंबाडा घातलेली आजी, खिडकीला नाक लावलेलं पोर. आतला दिवा लागला की ती माणसं जिवंत होतात. आतले जुने बल्ब फार वीज खातात. चार डबे असतील तर एलईडीची पट्टी, ब्रिज रेक्टिफायर आणि रेझिस्टर घालून, जुन्या बल्बच्या खोबणीतच बसवा, म्हणजे परत काढता येईल.

एक काम विसरू नका. छपराच्या आतल्या बाजूला कायम शाईने लिहा: डबा नव्याने रंगवलेला, अमुक साली. उद्या तो तुमच्या हातून गेला तर दुर्मिळ मूळ डबा म्हणून कुणाला विकला जाऊ नये.

धूर आणि दूध

धुराच्या इंजिनात पूर्वी गोळ्या टाकत. आता धुराचं तेल मिळतं, चार-पाच थेंब पुरतात. कोरडं चालवू नका, आतली तार जळते. १९४७ मध्ये आलेली दुधाची वाघीण मिळाली तर नक्की घ्या. बटण दाबलं की दार उघडून पांढऱ्या कपड्यांतला माणूस धातूचे छोटे कॅन फलाटावर ठेवतो. आतली यंत्रणा साधी आहे, चिमूटभर तेलात चालू होते. तेल लावताना माणसाच्या सरकपट्टीवर लावू नका, धूळ धरते.

गाडी भारतात न्यायची असेल तर

परत जाणाऱ्या कुटुंबांकडून हा प्रश्न नेहमी येतो. लायोनेलचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या २३० व्होल्टमध्ये नुसता प्लगचा अ‍ॅडॅप्टर लावून घातला तर तो त्याच क्षणी जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो १०० व्होल्टचा मिळाला तर उत्तम, कारण ५० हर्ट्‌झवर जुना ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजला जास्त तापतो. ११० चा असेल तर चालेल, पण अर्ध्या तासाने हात लावून बघा आणि तापला असेल तर विश्रांती द्या. इंजिनांना ५० हर्ट्‌झचं काहीच वाटत नाही. जड इंजिन हातातल्या बॅगेत, बॉडी आणि चाकांच्या मध्ये पुठ्ठा घालून. पावसाळ्यात रूळ गंजतात, म्हणून जूनच्या आधी त्यांच्यावरून किंचित तेलाचं फडकं फिरवून ठेवा, आणि चालवण्याआधी ते पूर्ण पुसा. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथली गाडी एचओ, म्हणजे आपल्या लायोनेलपेक्षा लहान, पण डोंगर, गाव आणि सिग्नल एकत्र कसे बसवायचे हे मुलांना दाखवायला त्याहून चांगली जागा नाही.